पांढऱ्या साडीवरचं गवत

रिटायर्ड माणसांच्या किश्शांचं एक बरं असतं. सांगायला वेळ भरपूर असतो आणि कोणी थाप मारलीच, तर "असं नव्हतं हां!" म्हणणारे साक्षीदार शेजारीच बसलेले असतात. त्यामुळे आमच्या ग्रुपचे किस्से साठत गेले, आणि बरेचसे खरेही राहिले.

ग्रुप म्हणजे आम्ही चौघं. पिंपरीत गाड्यांचे पार्ट बनवणाऱ्या एका कंपनीत बत्तीस वर्षं एकत्र काढली. मी क्वालिटीत होतो. गायकवाड हीट ट्रीटमेंटला, म्हणजे भट्टीवर. शेलार पेंट शॉपला आणि बोराडे स्टोअरला. कंपनीनं आम्हाला सोडलं, पण डिपार्टमेंट काही अंगातून गेलं नाही. अजून घरी भाकरी करपली की गायकवाड बायकोला... म्हणजे आता लेकीला, टेंपरेचर विचारतो.

सुमनवहिनी चार वर्षांपूर्वी गेल्या. तेव्हापासून घरात तो आणि अस्मिता, दोघंच. अस्मिता तळवड्याच्या आयटी पार्कमध्ये नोकरीला आहे. तिचं लग्न या जानेवारीत करायचं ठरलं आणि तिनं एकच हट्ट धरला. बौद्ध पद्धतीच्या लग्नात नवरी पांढरी साडी नेसते. नवी घ्यायची नाही, आई ज्या साडीत लग्नाला उभी राहिली तीच नेसायची!

त्या साडीवर गवताचे डाग पडले. पाडले कोणी? आम्हीच! पण आमचा आणि गवताचा संबंध त्याच्या आधीपासूनचा आहे, म्हणून तिथूनच सुरुवात करतो.

* * *

आम्ही चौघं रोज सकाळी बागेत योगा करतो. शेलारनं कुठूनतरी एकाच मापाचे पांढरे कुर्ते-पायजमे आणले. ते बोराडेला गुडघ्यापर्यंत येतात आणि मला पोटापर्यंतच. बागेतल्या हिरवळीवर पवनमुक्तासन झालं, शवासन झालं, की पाठ, कोपर, गुडघे हिरवेगार.

माझी बायको मंगल, पहिला आठवडा गप्प राहिली. दुसऱ्या आठवड्यात तिनं पायजमा माझ्यासमोर धरला.

"बागेत योगा करता की चरायला जाता?"

त्या दिवसापासून आमचं धुणं आमच्याकडे आलं. इतर तिघांच्या घरीही साधारण असंच काहीतरी झालं असावं, कारण दुसऱ्या दिवशी आसनं बाजूला राहिली आणि चौघंही डागांवर बोलत बसलो.

गायकवाड म्हणाला, "काही नाही रे, उष्णता द्यायची. उष्णतेपुढे लोखंड नमतं, गवत काय चीज आहे!"

त्यानं घरी जाऊन पातेल्यात पाणी उकळलं, पायजमा आत सोडला आणि घड्याळ लावून पाऊण तास उकळू दिला. बाहेर काढला तेव्हा डाग जिथल्या तिथे, उलट जास्त पक्के. पाण्यातून, साबणातून, उन्हातून, कशानंही हलेनात. पुढे कळलं की गवताच्या डागाला गरम पाणी लावायचंच नसतं, त्यानं रंग कापडात घट्ट बसतो.

गायकवाडनं पायजमा बागेत आणून आम्हाला दाखवला. चेहरा पडलेला. शेलारनं डागावर नखानं खरवडून बघितलं आणि मान डोलावली.

"हार्डनिंग लई भारी झालंय, राव! कंपनीत असतास तर शाब्बासकी भेटली असती!"

* * *

मग ठरलं, आता सगळं पद्धतशीर. सामान बोराडेकडे. लिंबं, मीठ, पांढरं व्हिनेगर, खायचा सोडा, रिठे, जुने टूथब्रश, सगळं त्याच्या घरच्या फडताळात लावलं.

चूक झाली. बोराडे मूळचा परभणीचा, मनानं दिलदार, जेवायला बोलावलं तर ताट रिकामं होऊ देणार नाही. पण स्टोअरच्या खिडकीत बसला की वेगळा माणूस. कंपनीत त्याचा नियम होता: जुना हातमोजा जमा केल्याशिवाय नवा मिळणार नाही. फाटका असू दे, तेलकट असू दे, आधी जमा कर!

एका रविवारी शेलार त्याच्याकडे लिंबू मागायला गेला.

"कालचं कुठंय?" बोराडेनं विचारलं.

"कालचं वापरलं की!"

"मंग साल आणा."

"आरं, साल म्हशीला घातली!"

"त्ये मला काय म्हाईत? जुनं जमा केल्याबिगर नवं कसं देऊ? म्हणलं, शिस्त हाय की न्हाई काही?"

शेलारचं गाव चाकणच्या अलीकडे, घरी अजून दोन म्हशी आहेत. तो तसाच परत गेला. तासाभरानं स्कूटरवर आला, मागे शेणाची पाटी! बोराडेच्या दारात ठेवली आणि म्हणाला, "घ्या. कालचं लिंबू जमा!"

बोराडेच्या बायकोनं त्याच दिवशी फडताळ रिकामं करवलं. स्टोअर बंद पडलं आणि ग्रुपमध्ये मोकळं वातावरण आलं.

* * *

आता माझं सांगतो, नाहीतर बाकीचे सांगतील आणि वाढवून सांगतील.

मी एक जुनी चादर फाडून तिचे बारा तुकडे केले. प्रत्येकावर सारखंच गवत, सारखाच वेळ घासलं. मग नंबर घातले. एकाला नुसतं थंड पाणी, एकाला लिंबू-मीठ, एकाला व्हिनेगर, एकाला सोड्याची पेस्ट, एकाला रिठ्याचं पाणी, एकाला आंबट ताक. बाल्कनीत दोरीवर ओळीनं टांगले आणि प्रत्येकाला चिठ्ठी लावली. हिरवी म्हणजे ओके, पिवळी म्हणजे रीवर्क, परत दुरुस्ती, लाल म्हणजे रिजेक्ट.

समोरच्या बिल्डिंगमधल्या बाईंनी मंगलला विचारलं, "तुमच्याकडे काही व्रत आहे का?"

पण निकाल चोख लागला. डाग ताजा असला की आधी थंड पाणी. मग एक वाटी व्हिनेगर, दोन वाट्या पाणी, त्यात अर्धा तास बुडवून ठेवायचं. नंतर धुऊन खायच्या सोड्याची पातळ पेस्ट, आणि जुन्या ब्रशनं हलक्या हातानं, बाहेरून आत. उरलीसुरली पिवळट छटा लिंबू-मीठ लावून कोवळ्या उन्हात. ताकवाल्या तुकड्याला मुंग्या लागल्या. तो रिजेक्ट.

मी खूश होऊन जेवायला बसलो. मंगलनं ताट वाढलं, पाणी ठेवलं आणि आत गेली. जेवून उठलो, बेसिनवर हात धुतले, समोर आरसा. माझ्या कपाळावरच्या टकलाला पिवळी चिठ्ठी चिकटवलेली होती. कधी चिकटवली, मला कळलंही नाही!

मी ओरडलो, "मंगल, ही पिवळी का?"

आतून आवाज आला, "लाल संपल्या."

* * *

इथपर्यंत सगळी मजा होती. डिसेंबरच्या शेवटी अस्मितानं कपाटातून साडी काढली.

उशीच्या अभ्र्यात गुंडाळून ठेवलेली. जाडसर सुती, पांढरी, बोटभर निळा काठ. नीट जपलेली, पण घड्यांवर पिवळ्या रेघा पडल्या होत्या. अस्मिता म्हणाली, "बाबा, लाँड्रीत देऊया का?" गायकवाडला ते पटेना. परक्याच्या हातात साडी द्यायला त्याचा जीव होईना. तो छाती पुढे काढून म्हणाला, "लाँड्री कशाला? आमची टीम आहे!"

ते ऐकून आम्हाला केवढं बरं वाटलं होतं!

शेलार म्हणाला, "आमच्याकडं पांढरी धोतरं पिवळी पडली की पहाटं दवाच्या गवतावर टाकायची. वरनं कोवळं ऊन, खालनं दव. दोन दिसात बगळ्यावानी व्हत्यात."

मी विचारलं, "नक्की?"

"व्हय तर! आमी न्हानपणापासनं बघितलंय."

त्याचं म्हणणं खोटं नव्हतं. पद्धत जुनी आहे आणि खरी आहे. म्हणून मी, बारा तुकड्यांची चाचणी घेणारा मी, साडीची चाचणी न घेता हो म्हणालो. याची मला अजून लाज वाटते.

सकाळी साडेसातला बागेत साडी ओली करून हिरवळीवर पसरली. चार बाजूंना चौघं, कुत्रं येऊ नये म्हणून पहारा. फिरायला येणारे थांबून बघायचे. एकानं चप्पल काढून नमस्कारही केला. ऊन चढलं, आम्ही गप्पांत रमलो. साडी गवतात नीट दबून बसावी म्हणून शेलारनं वरून तळहातानं थोपटलीसुद्धा.

नऊ वाजता साडी उचलली. खालच्या अंगाला पदरापासून निऱ्यांपर्यंत हिरवे पट्टे!

माळ्यानं आदल्या दिवशी संध्याकाळी मशीननं हिरवळ कापली होती. शेलारच्या गावच्या माळावर गवत उभं असायचं, कोणी कापत नव्हतं. इथे सगळा ओला चुरा खाली पडलेला, आणि त्यावर आम्ही साडी ओली करून, थोपटून, दीड तास ठेवली.

 गायकवाडनं साडीची घडी केली, डाग आत जातील अशी. तो आम्हाला रागावला नाही, तेच जास्त लागलं. नुसतं म्हणाला, "सुमननं तीस वर्षं सांभाळली होती रे."

लग्नाला सतरा दिवस होते.

* * *

मंगलनं दार उघडलं, आमचे चार चेहरे बघितले आणि काही न विचारता पिशवी हातातून घेतली. साडी उलगडली. एकदा डोळे मिटले. मग आमच्याकडे वळली.

"गायकवाड भाऊजी, तुम्ही गॅसच्या जवळ जायचं नाही. बोराडे भाऊजी, कोण काय घेतं ते विचारायचं नाही. आणि तुम्ही," म्हणजे मी, "चिठ्ठ्या लावायच्या नाहीत. शेलार भाऊजी, हात धुऊन या."

शेलार दचकला. "मी? आवं, माझ्यामुळंच झालंय हे समदं!"

"म्हणूनच. आणि चौघांत हात तुमचाच हलका आहे."

पेंट शॉपला शेलारचा हात प्रसिद्ध होता. रंगाचा ओघळ त्याच्या हातून कधी आला नाही. त्यानं आधी पदराच्या आतल्या टोकाला निळ्या काठावर व्हिनेगरचा एक थेंब टाकला, पांढरा रुमाल दाबला, दहा मिनिटं वाट बघितली. रुमाल पांढराच राहिला. काठाचा रंग जात नव्हता. तरी त्यानं काठ कोरड्या फडक्यात गुंडाळून सुतळीनं बांधला, जसा रंग मारताना नको त्या भागाला कागद लावायचा तसा. मग थंड पाणी, मग व्हिनेगरचं पाणी, मग सोडा. एका वेळी वीतभर. बाहेरून आत.

असं चार दिवस चाललं. आमच्या बाथरूमसमोर पाटावर शेलार, शेजारी गायकवाड मगानं थंड पाणी ओतायला. बोराडे बाजारातून लिंबं आणायचा आणि तोंडातून शब्द काढायचा नाही, ते त्याला किती जड गेलं असेल! शेलार-गायकवाड दोघांचीही बोटं सुरकुतली होती. मधेच गायकवाड सांगायचा, सुमननं ही साडी नेसून पहिल्यांदा कंपनीच्या गेटवर डबा आणला होता, सगळी भट्टी बघायला बाहेर आली होती. शेलार म्हणायचा, "मला आठवतंय की. मी बी आलो हुतो."

तिसऱ्या दिवशी अस्मिताचा व्हिडिओ कॉल आला. "काका, बाबा तुमच्याकडेच आहेत ना? साडी दाखवा ना, कितपत झाली बघू."

घरात पळापळ! साडी टबात. बोराडेनं प्रसंगावधान राखलं. त्याचं पांढरं धोतर आमच्या दोरीवर होतं, कारण त्याच्या बायकोनं त्याला अजून माफ केलं नव्हतं. त्यानं ते दोन्ही हातांनी फोनसमोर धरलं.

"हे बघ पोरी! कशी चकाचक झाली!"

अस्मितानं नीट बघितलं.

"छान आहे, काका. पण आईच्या साडीला निळा काठ आहे."

बोराडेचे हात तसेच वर. मी फोन कुठे धरावा ते मला कळेना. आता पोरगी रडणार, असं वाटलं. 

मग ती म्हणाली, "बाबा जेवले का?"

"जेवले," मी म्हणालो.

"मग झालं. चालू द्या तुमचं." आणि फोन ठेवला.

* * *

पाचव्या दिवशी गच्चीवर साडी वाळली. मी चष्मा पुसला, भिंग घेतलं आणि एका टोकापासून सुरू केलं. बत्तीस वर्षांत हजारो पार्ट तपासले असतील, पण इतक्या हळू एकही तपासला नव्हता. पदर, मधला भाग, निऱ्या. उलटी बाजू. परत सुलटी. हिरवा नाही, पिवळ्या रेघाही नाहीत. शेलारचं लिंबू-मीठ तिथेही पोचलं होतं.

तिघं पाण्याच्या टाकीला टेकून उभे. 

"काय रे?" गायकवाडनं विचारलं.

 मी खिशातली हिरवी चिठ्ठी काढली आणि त्याच्या हातात दिली. त्यानं ती घडी करून पाकिटात ठेवली. शेलार टाकीमागे जाऊन नाक शिंकरून आला.

मंगल वर आली, साडी हातात घेतली, वास घेतला.

"व्हिनेगरचा वास येतोय. नवरी लोणच्यासारखी वास मारणार का? परत एकदा साध्या पाण्यातून काढा!"

* * *

लग्नाच्या आठ दिवस आधी मी सहज विचारलं, "गायकवाड, हॉल कुठला?"

"हॉल नाही रे. मोशीच्या पुढे. लॉन्स."

आम्ही तिघांनी एकमेकांकडे बघितलं.

"लॉन्स म्हंजी... गवात?" शेलारनं विचारलं.

"दीड एकर," गायकवाड बारीक आवाजात म्हणाला. "सहा महिन्यांपूर्वीच बुक केलंय."

दुसऱ्याच दिवशी आम्ही तिथे हजर. शेलारनं गुडघे टेकून रुमाल गवतावर घासून बघितला. बोराडेनं गेटपासून स्टेजपर्यंत पावलं मोजली. मी मॅनेजरला विचारलं, "गवत कधी कापणार? आधी कापलं तर चुरा उचलणार का?"

मॅनेजर तरुण होता, नम्र होता. "काका, तुम्ही नवरीकडचे की नगरपालिकेचे?"

शेवटी त्यानं गेटपासून स्टेजपर्यंत आणि स्टेजपासून जेवणापर्यंत जाड लाल कार्पेट टाकायचं कबूल केलं. बोराडेनं ते त्याच्याकडून लिहून घेतलं.

* * *

लग्न फार सुंदर झालं. अस्मिता त्या साडीत कार्पेटवरून चालत आली तेव्हा जुने भट्टीवाले पहिल्या रांगेत उभे राहिले. बौद्धाचार्यांनी त्रिसरण-पंचशील दिलं, हार घातले गेले, फुलं उधळली गेली. आम्ही चौघं कार्पेटच्या चार वळणांवर उभे होतो. नवरी वळली की जो जवळ असेल तो म्हणायचा, "पोरी, निऱ्या सांभाळ!" पाहुण्यांना वाटलं, आम्ही सिक्युरिटी आहोत.

जेवणं झाली. दुपार कलली. पाठवणीची गाडी गेटवर लागली आणि अस्मिता विचारायला लागली, "बाबा कुठायत?"

गायकवाड दिसेना. बोराडेनं शोधून काढला. लॉनच्या पार टोकाला, जिथे कार्पेट संपतं त्याच्याही पलीकडे, तो एकटा गवतावर बसला होता. चपला काढून बाजूला ठेवलेल्या. नवा पांढरा झब्बा, पांढरा पायजमा. समोर बघत नुसता बसलेला.

अस्मितानं त्याला बघितलं आणि निघाली. कार्पेट संपलं तरी थांबली नाही.

"साडी! साडी!" आम्ही तिघंही ओरडलो. बोराडे एक मोकळी सतरंजी ओढत तिच्यामागे धावला. साठीच्या पुढचा माणूस, पण त्या दिवशी काय पळाला! मी मॅनेजरला हाक मारली. शेलार तिच्यापुढे हात आडवे करून उभा राहिला.

"अगं, थांब! बोराडे सतरंजी आणतोय. मंग बस."

"काका, बाजूला व्हा ना."

शेलारनं माझ्याकडे बघितलं. मी मंगलकडे बघितलं. मंगलनं शेलारला हातानंच बाजूला व्हायची खूण केली. शेलार बाजूला झाला.

अस्मिता बापाजवळ पोचली. निऱ्या उचलल्या नाहीत, काठ सावरला नाही. बोराडे सतरंजी घेऊन दहा पावलांवर आला होता, तिथेच थबकला.

"बाबा, सरका जरा," ती म्हणाली.

गायकवाड सरकला.